कोल्चॅकचं ग्राफिक नॉव्हेल: आधी जुनी मालिका बघू की थेट वाचू?

शाईचे_डाग

मंडळी, भयकथा आणि कॉमिक्स दोन्ही वाचणाऱ्यांचा सल्ला हवाय. मावसभाऊ शिकागोला असतो, तो सुट्टीत आला तेव्हा माझ्यासाठी कार्ल कोल्चॅकचं (जुन्या अमेरिकन टीव्हीवरचा, भुताखेतांच्या बातम्यांमागे लागणारा बातमीदार) पन्नाशीनिमित्त निघालेलं ग्राफिक नॉव्हेल घेऊन आला, 2022 सालचं, मूनस्टोन बुक्सनं काढलेलं, संपादक जेम्स अ‍ॅक्विलोन. किकस्टार्टरवर वाचकांनीच पैसे उभे केले आणि पुढे त्याला ग्राफिक नॉव्हेलसाठीचं ब्रॅम स्टोकर अवॉर्डही मिळालं, म्हणजे माल भारी असणार हे कळतंय. आत वेगवेगळ्या लेखक-चित्रकारांच्या कथा आहेत, कोल्चॅकच्या आयुष्यातल्या वेगवेगळ्या काळातल्या.

माझी अडचण अशी की मी मूळ काहीच बघितलेलं नाही. 1972 चा टीव्ही सिनेमा, मग दुसरा, मग मालिका, हे सगळं झाल्यावर पुढे चालू राहिलेली गोष्ट आहे ही, आणि मी थेट शेवटच्या डब्यात चढलोय. दोन कथा वाचल्या. रेघांचा सूट घातलेला, डोक्यावर स्ट्रॉ हॅट, गळ्यात कॅमेरा असा बातमीदार, तो भुताखेताच्या मागे लागतो, जिवावर बेततं, तो वाचतो, आणि बातमी काही छापून येत नाही. चित्रं मस्त आहेत पण मला एक कळेना, लोक या माणसावर पन्नास वर्षं एवढा जीव का टाकतायत? आणि कॉमिकमध्ये राक्षस पानभर काढलेला असतो, सगळा दिसतो, मग भीती कुठून वाटणार? आधी जुनं बघून मग वाचू का हे पुस्तक स्वतंत्रपणे उभं राहतं? स्पॉयलर चालतील, बिनधास्त लिहा.

रातकिडा

आधी बघा. सगळं नको, पण पहिला सिनेमा तरी बघाच, सव्वा तासाचा आहे फक्त.

'द नाइट स्टॉकर', 11 जानेवारी 1972 ला एबीसी या अमेरिकन चॅनेलवर लागला आणि त्या वेळी अमेरिकेत जेवढे टीव्ही चालू होते त्यातल्या निम्म्याहून जास्त सेटवर हाच चालू होता. टीव्हीसाठी बनवलेल्या सिनेमाला एवढे प्रेक्षक त्याआधी कधी मिळाले नव्हते. निर्माता डॅन कर्टिस, पटकथा रिचर्ड मॅथेसनची, आणि मूळ कादंबरी जेफ राइसची, जी तोपर्यंत छापलीसुद्धा गेली नव्हती, सिनेमा गाजल्यावर 1973 ला आली. हा राइस स्वतः लास वेगासच्या पेपरात बातमीदार होता हे लक्षात ठेवा, कारण सिनेमाचा सगळा जीव तिथे आहे. वेगासमध्ये तरुण मुलींची प्रेतं सापडायला लागतात, अंगात रक्ताचा थेंब नाही. कोल्चॅक म्हणतो की हे कोणीतरी व्हॅम्पायर असल्यासारखं वागतंय, निदान एवढं तरी लोकांना सांगा. शेरीफ, पोलीस, सरकारी वकील सगळे म्हणतात गप्प बस, कॅसिनोचं गाव आहे, घबराट होईल. मग त्याच पोलिसांच्या डोळ्यादेखत तो व्हॅम्पायर, जानोस स्कोर्झेनी, गोळ्या खातो आणि चालत निघून जातो. डझनभर साक्षीदार, आणि तरी दुसऱ्या दिवशी चकार शब्द नाही.

आता शेवट (स्पॉयलर): कोल्चॅक पहाटे त्याच्या घरात शिरतो, क्रॉस आणि लाकडी खुंटी घेऊन, आणि त्याला संपवतो. ऑफिसात येऊन बातमी टाइप करतो, संपादक टोनी व्हिन्सेन्झो, जो सिनेमाभर त्याच्यावर खेकसत असतो, तोही म्हणतो की चांगली झालीय. हा खुशीत मैत्रिणीला, गेलला, फोन करतो की आपण आता न्यूयॉर्कला जायचं. मग त्याला सरकारी वकिलाकडे बोलावतात. तिथे त्याला कळतं की पेपरात भलतीच बातमी गेलीय, त्याच्या नावानं खुनाच्या आरोपाचं वॉरंट तयार आहे, गाव सोडलंस तर ते वापरणार नाही, आणि गेलला आधीच गावाबाहेर काढलंय. तिला शोधायला तो गावोगावच्या पेपरात छोट्या जाहिराती देत बसतो, पैसे संपेपर्यंत. सगळी हकिगत तो एका स्वस्तातल्या हॉटेलच्या खोलीत टेपरेकॉर्डरवर बोलतोय.

हा शेवट डोक्यात असला ना की तुमच्या पुस्तकातल्या प्रत्येक कथेत तो पुन्हा ऑफिसात येऊन टाइपरायटरवर बसतो तेव्हा पोटात कालवतं. लोक जीव टाकतात ते यासाठी.

पानवाला_वाचक

मी उलट सांगेन, थेट वाचा. पन्नास वर्षांपूर्वीचा टीव्ही आहे तो, वेग हळू, प्रिंट जेमतेम, आणि आजचा वाचक अर्ध्यात सोडून देतो मग पुस्तकही राहतं. मी स्वतः कॉमिकपासून सुरुवात केली आणि सिनेमे नंतर बघितले, काही बिघडलं नाही. ज्या कथेत माणूस कोण, काय करतो, त्याला काय हवंय हे दोन पानांत कळत नाही ती कथा आधीचं सगळं बघितलं तरी कच्चीच राहते. सीक्वेलनं आपलं वजन स्वतः उचलावं असं माझं मत आहे.

रातकिडा

@पानवाला_वाचक, सीक्वेलनं वजन उचलावं हे शंभर टक्के मान्य, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण यातच आहे. दुसरा सिनेमा, 'द नाइट स्ट्रँगलर', 16 जानेवारी 1973. व्हॅम्पायर चालला म्हणून पुन्हा व्हॅम्पायर आणला नाही. वेगासहून उचलून थेट सिअ‍ॅटलला नेलं. तिथे बायकांचे गळे दाबून खून होतायत, सुईनं थोडंसं रक्त काढलेलं, आणि मानेवर कुजलेल्या मांसाचे अंश. कोल्चॅकला धागा कुठे सापडतो? पेपरच्या जुन्या अंकांच्या फायलींत. मिस्टर बेरी म्हणून एक भिडस्त माणूस तिथे बसतो, तो जुनं कात्रण काढून देतो की असेच खून आधीही झाले होते, मग त्याच्या आधीचं कात्रण, मग त्याच्याही आधीचं, दर 21 वर्षांनी तेच. कात्रणांवरून राक्षस पकडायचा ही कल्पनाच मला जाम आवडते.

आणि जागा खरी आहे. 6 जून 1889 ला सिअ‍ॅटलचा बाजारभाग आगीत खाक झाला, मग नव्यानं बांधताना रस्तेच एखाद-दोन मजले उंच उचलले, त्यामुळे जुनी दुकानं, जुने फुटपाथ खाली राहिले. 1965 पासून तिथे पर्यटकांच्या रीतसर टूर चालू आहेत. मॅथेसननं खुनी नेमका त्या जमिनीखालच्या गावात बसवला, अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळातला डॉक्टर, मरायचंच नाही म्हणून औषध बनवतो आणि दर 21 वर्षांनी त्याला रक्त लागतं. शेवटी बातमी याही वेळी जात नाही, उलट कोल्चॅकबरोबर व्हिन्सेन्झोचीही नोकरी जाते आणि दोघं एकाच गाडीत भांडत गाव सोडतात.

शाईचे_डाग

वा, हे कात्रणांचं वाचून दोन कथा पुन्हा चाळल्या. खरंच, त्यातही तो आधी फोन करतो, शवागारातल्या माणसाला काहीतरी चारतो, कागद बघतो, आणि मी ही पानं "राक्षस कधी येतोय" म्हणत भराभर उलटत होतो. पण भीतीच्या प्रश्नाचं काय? कोणी चित्रं काढणारं आहे का इथे?

तालुका_प्रतिनिधी

भीतीचं दुसरं कोणी सांगेल, मी व्हिन्सेन्झोबद्दल बोलतो, कारण मी अनेक वर्षं एका दैनिकाला तालुक्याहून बातम्या देत होतो आणि मला हा सगळा प्रकार राक्षसांपेक्षा त्या ऑफिसासाठी आवडतो.

आमच्याकडे नदीपात्रातला वाळूउपसा चालायचा, रात्री दोनला ट्रॅक्टर निघायचे, बिननंबराचे. मी पुलाखाली बसून फोटो काढले, तलाठ्याचं म्हणणं घेतलं, गावातल्या दोन शेतकऱ्यांच्या विहिरी आटल्या त्यांचं म्हणणं नावानिशी घेतलं, आणि चार कॉलमची होईल अशी बातमी पाठवली. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर खालच्या कोपऱ्यात सिंगल कॉलम, "नदीपात्रात वाळूचे ढीग आढळले". ढीग! आपोआप आल्यासारखे. डेस्कला फोन केला तर उपसंपादक म्हणाला जागा नव्हती, आणि तो माणूस वाईट नव्हता हो, माझ्या बातम्या त्यानं कितीदा नीट लावल्या होत्या, त्याच्यावरही वरून कोणीतरी होतं. व्हिन्सेन्झो अगदी तसाच आहे. तो तसा खलनायक नाही, त्याला कोल्चॅक आवडतो, त्याला हेही कळतं की हा खोटं बोलत नाहीये, पण त्याला पान लावायचंय आणि मालकाला उत्तर द्यायचंय. सायमन ओकलंड या नटानं तो काय केलाय, नुसता आरडाओरडा नाही, ओरडताना मध्येच त्याचा चेहरा पडतो ते बघा.

दुसरं, काळ बघा ना. पहिला सिनेमा जानेवारी 1972, विरोधी पक्षाच्या कार्यालयातली वॉटरगेटची घरफोडी त्याच वर्षी 17 जूनला, निक्सनचा राजीनामा 9 ऑगस्ट 1974 ला, आणि कोल्चॅकची मालिका सुरू झाली 13 सप्टेंबर 1974 ला, म्हणजे बरोबर पाच आठवड्यांनी. वुडवर्ड आणि बर्नस्टीन या दोन बातमीदारांनी चिकाटीनं लावून धरलेल्या बातम्यांनी राष्ट्राध्यक्ष घरी जायला हातभार लागला होता, सगळ्या देशात बातमीदार हा हिरो होता, आणि नेमक्या त्या वेळी टीव्हीवर दर आठवड्याला हा माणूस येतो ज्याच्याकडे त्याहून मोठी बातमी आहे आणि त्याचा फोटो तरी जळतो, टेप तरी जप्त होते नाहीतर साक्षीदार तरी फिरतो. वुडवर्ड-बर्नस्टीनच्या मागे त्यांचा पेपर उभा राहिला. कोल्चॅकच्या मागे कोणी नाही. आमच्यासारख्या मानधनावर काम केलेल्या लोकांना यातला कोण जवळचा वाटणार सांगा.

म्हणून पुस्तक वाचताना मी एकच बघतो, बातमी कुठे मेली. कोणी मारली, का मारली. हे जिथे लेखकानं नीट लिहिलंय ती कथा कोल्चॅकची. जिथे फक्त "आणि कोणी विश्वास ठेवला नाही" म्हणून गुंडाळलंय तिथे कोल्चॅकच्या जागी कुठलाही भूतपकडू चालला असता.

रेघोट्या

मी इलस्ट्रेशनचं काम करते, कॉमिक्सची पानंही केलीत, म्हणून भीतीच्या प्रश्नावर लिहिते. दादा, तुमची शंका अगदी बरोबर आहे.

मालिकेत राक्षस फार दाखवायचेच नाहीत, कारण पैसे नव्हते आणि वेळही नव्हता. गटारातल्या दलदलीच्या राक्षसाचा एक भाग आहे, उंचच्या उंच रिचर्ड कील त्या पोशाखात, आणि तो आपल्याला दिसतो किती तर पाण्यात एक आकार, पाठीमागून थोडासा, टॉर्चच्या उजेडात क्षणभर. बाकी सगळी भीती कोल्चॅक करणाऱ्या डॅरन मॅकगॅव्हिनच्या चेहऱ्यावर. हा माणूस घाबरतो हो, चक्क पळतो, कॅमेरा सावरत, हॅट धरत. आपल्याकडे धारपांचे समर्थ आले की वाचकाला धीर येतो, त्यांच्याकडे साधना आहे, अधिकार आहे. कोल्चॅककडे फ्लॅशगन आहे आणि आदल्या दिवशी कोणाकडून तरी ऐकलेला एक तोडगा, तोही चालेल की नाही माहीत नाही.

कॉमिकमध्ये राक्षस काढायला जास्तीचे पैसे पडत नाहीत, मग चित्रकाराचा हात सुटतो आणि पानभर जबडा येतो. तो बघायला छान असतो पण भीती तिथे नसते. कॉमिकची भीती पान उलटण्यात असते. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कोल्चॅकचा चेहरा, तो काहीतरी बघतोय, आणि काय बघतोय ते कळायला तुम्हाला स्वतःच्या हातानं पान उलटावं लागतं. चांगला चित्रकार ही जागा वाया घालवत नाही. वाचताना त्या शेवटच्या चौकटीवर थोडं थांबा, फरक पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅप्शनच्या चौकटी. मालिकेत त्याचा आवाज सतत मागे असतो, टेपवर बोलत असल्यासारखा, तारीख, वेळ, रस्ता, मेलेल्याचं नाव, काय काम करायचा. एकदम कोरडं, पोलीस डायरीसारखं, आणि मध्येच एखादं वाक्य असं येतं की कळतं हा माणूस आतून हललाय. कॉमिकमध्ये हे सगळं त्या चौकटींत उतरतं. म्हणून मी पानवाला_वाचक यांच्याशी असहमत, एकदा तरी मॅकगॅव्हिनचा आवाज कानात बसू द्या, मग चौकटी त्याच आवाजात वाचल्या जातात. आवाज नसला की त्या नुसत्या माहितीच्या पट्ट्या वाटतात आणि वाचक त्या गाळून चित्रांकडे पळतो.

पानवाला_वाचक

आवाजाचा मुद्दा पटला. त्यासाठी एक भाग बघायला हरकत नाही, पण मग कुठला ते सांगा, वीस भाग आहेत आणि सगळे चांगले नाहीत. मॅकगॅव्हिनलाच दर आठवड्याला नवा राक्षस या प्रकाराचा कंटाळा आला आणि तो स्वतःहून बाहेर पडला, मालिका एका सीझनमध्ये संपली.

रातकिडा

दोन सांगते. एक 'द झोम्बी', मालिकेतला दुसराच. भंगाराच्या आवारात एक जुनी शववाहिनी पडलीय, आत झोम्बी झोपलाय, आणि कोल्चॅकला सरपटत आत जाऊन त्याच्या तोंडात मीठ भरायचंय आणि मग सुईदोऱ्यानं ओठ शिवायचेत. संगीत जवळजवळ नाही. घामेजलेला माणूस, थरथरती सुई, आणि तो प्रेताचा चेहरा जवळून. राक्षस काहीच करत नाही त्या सीनमध्ये, नुसता पडलाय. रेघोट्याताई म्हणतात ते तिथे कळतं.

दुसरा 'हॉरर इन द हाइट्स', 20 डिसेंबर 1974 चा. हा आपल्या लोकांनी बघायलाच हवा कारण यातला राक्षस हा खरोखर राक्षस आहे, आपला, रामायणातला.

शाईचे_डाग

काय सांगता! 1974 च्या अमेरिकन मालिकेत? मग तर हसं केलं असेल.

रातकिडा

नाही, तीच तर गंमत आहे, फार विचार करून लिहिलाय, जिमी सँगस्टरची पटकथा. शिकागोतली एक पडझड झालेली वस्ती, राहणारे बहुतेक म्हातारे ज्यू, मुलंबाळं केव्हाच निघून गेलेली. एकेक म्हातारा रात्री मारला जातोय, हाडं तेवढी राहतायत, आणि पोलीस म्हणतात उंदरांनी खाल्लं. कोणाला काही पडलेली नाही कारण म्हातारे आणि गरीब. आणि भिंतींवर जागोजागी स्वस्तिक काढलेली. आता ज्यांनी हिटलरचा काळ पाहिला त्या लोकांच्या दारात ते चिन्ह, त्यांना काय वाटत असेल! कोल्चॅकचाही पहिला संशय तिकडेच जातो, आणि त्यावरून तो एका म्हाताऱ्या भारतीय माणसापर्यंत पोचतो. तो म्हातारा आयुष्यभर राक्षसाच्या मागावर आहे आणि स्वस्तिक तो काढतोय संरक्षणासाठी. आपल्याकडे उंबऱ्यावर कुंकवानं काढतात त्याच भावनेनं.

राक्षसाची रीतही बघा. ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त विश्वास आहे त्याचं रूप घेऊन तो समोर येतो. म्हाताऱ्यांना त्यांच्या ओळखीचं, जिव्हाळ्याचं माणूस दिसतं, ते आपणहून पुढे जातात. मारीच सोन्याचं हरीण झाला, रावण भिक्षा मागायला आला, ती मायावी जात नीट ओळखून लिहिलंय. आणि मग (मोठा स्पॉयलर) म्हातारा कोल्चॅकच्या हातात मंत्रून दिलेला बाण आणि क्रॉसबो देतो आणि सांगतो की समोर कोणीही आलं तरी सोड. समोर येते मिस एमिली. ऑफिसात कोडी सोडवणारी, सल्ल्याचा कॉलम लिहिणारी वयस्कर बाई, ऑफिसात त्याच्याशी प्रेमानं बोलणारी तीच एक. ती थांब म्हणत हळूहळू जवळ येतेय आणि ह्याला ठरवायचंय.

सगळ्या जगावर संशय घेत फिरणाऱ्या बातमीदाराचा विश्वास कोणावर आहे हे राक्षसामुळे कळतं. एवढं साधं, एवढं भारी.

तालुका_प्रतिनिधी

हा भाग माझाही सगळ्यात आवडता. आणि "उंदरांनी खाल्लं" हे जे पोलीस सांगतात ना, तिथे मला माझे ते वाळूचे ढीग आठवले.

रेघोट्या

केबलवर एक्स-फाइल्स बघून मोठे झालेले इथे बरेच असतील, त्यांच्यासाठी: तिचा निर्माता ख्रिस कार्टरनं ती मालिका सुचण्यामागे कोल्चॅकच होता हे उघड सांगितलंय, आणि मॅकगॅव्हिनला त्यात आर्थर डेल्स म्हणून आणलं, एक्स-फाइल्सचं काम आधी ज्यानं केलं तो निवृत्त एजंट. एक्स-फाइल्सचा हिरो, एफबीआय एजंट मल्डर, याच्याकडे निदान ओळखपत्र आणि बंदूक होती.

2005 ला कोल्चॅक पुन्हा टीव्हीवर आणला होता, तरुण, देखणा, गंभीर, आणि थोड्याच भागांत एबीसीनं बंद केला. चुरगळलेला सूट काढून घेतला की खाली कोल्चॅक उरत नाही असं माझं स्पष्ट मत. कॉमिकवाल्यांनी तो सूट तसाच ठेवला हे बरं केलं.

शाईचे_डाग

ठरलं मग. पुस्तक बाजूला ठेवतो, शनिवारी रात्री पहिला सिनेमा, रविवारी सिअ‍ॅटलवाला, मग झोम्बी आणि राक्षसाचा भाग, आणि त्यानंतर पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा. वाचलेल्या दोन कथाही पुन्हा वाचणार, या वेळी फोन आणि कागदांची पानं न पळवता. मावसभावाला विचारलं तर त्यानं स्वतः एकही भाग बघितलेला नाही, मालिका जिथे घडते त्या शिकागोत राहून! त्यालाही लिंक पाठवलीय.

रातकिडाताई, तालुकादादा, मनापासून आभार, एवढं लिहिलंत.

तालुका_प्रतिनिधी

बघा आणि सावकाश वाचा. एक काम करा, वाचून झालं की व्हिन्सेन्झो कुठल्या कथेत नीट जमलाय आणि कुठल्या कथेत नुसता ओरडायला ठेवलाय ते इथेच लिहा. मला पुस्तक मागवायचंय आणि पोस्टेज धरून ते बरंच महाग पडतंय, तुमच्या उत्तरावर ठरवतो.